विश्लेषण : मेंटेनन्स भरल्यावर वेगळं ‘प्रशासकीय शुल्क’ कशासाठी? भंडाऱ्यातल्या फ्लॅटधारकांनी आधी काय तपासावं?

मेंटेनन्सच्या पावतीवर एखाद्या महिन्यात एक नवी ओळ दिसते : ‘प्रशासकीय शुल्क’, ‘ऑफिस चार्ज’ किंवा नुसतंच ‘ॲडमिन’. रक्कम दोनशे-पाचशे रुपयांची असते, त्यामुळे बहुतेक जण वाद घालत नाहीत. फ्लॅट विकायला काढला की मात्र हाच प्रकार मोठा होतो. ना हरकत प्रमाणपत्रासाठी, नाव बदलण्यासाठी किंवा भाडेकरू ठेवण्यासाठी हजारोंची मागणी येते. सही अडू नये म्हणून माणूस पैसे देऊन मोकळा होतो.

मुंबई-पुण्यात अशा वादांवर न्यायालयांचे बरेच निकाल आले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यातल्या एका गृहसंकुलाच्या मेंटेनन्सबाबत मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निकालही बराच चर्चेत राहिला. हे नियम फक्त महानगरांसाठी नाहीत. भंडारा, तुमसर, साकोली किंवा पवनीतल्या आठ-दहा फ्लॅटच्या इमारतीलाही ते लागू होतात. त्यातला कोणता नियम कोणत्या इमारतीला लागतो, हे मात्र तिथल्या रहिवाशांनाच नीट माहीत नसतं आणि नको ती शुल्कं बहुतेकदा तिथूनच सुरू होतात.

शुल्क लावण्याचा अधिकार मॅनेजरला असतो का?

थोडक्यात उत्तर : नाही.

इमारतीचा मॅनेजर पगारावर नेमलेला माणूस असो, बाहेरची एजन्सी असो किंवा बिल्डरचा प्रतिनिधी, तो वसुली करणारा असतो. किती आणि कशासाठी वसूल करायचं हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत तो उपविधी आणि सर्वसाधारण सभेकडे असतो. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र, त्याला जोडलेले उपविधी आणि मालकांचा संघ हे ठरवतात. इमारत अजून बिल्डरच्या ताब्यात असेल तर विक्री करारनामा आणि कायदा यांना महत्त्व असतं.

म्हणून कोणतंही नवं शुल्क दिसलं की पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसावा. ‘हे कोणत्या ठरावाने किंवा करारातल्या कोणत्या कलमाने लावलं?’ असं विचारावं. या प्रश्नाला कागद दाखवून उत्तर मिळालं, तर शुल्क योग्य आहे की नाही यावर पुढे बोलता येतं. कागदच नसेल, तर ती निव्वळ मागणी ठरते.

आपली इमारत कोणत्या कायद्याखाली आहे, हे कसं ओळखायचं?

महाराष्ट्रात फ्लॅटच्या इमारती साधारण तीन अवस्थांत आढळतात.

पहिली, सहकारी गृहनिर्माण संस्था, म्हणजे सोसायटी. ती ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’खाली नोंदवलेली असते. सदस्याकडे भाग प्रमाणपत्र असतं आणि पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक असतो.

दुसरी, अपार्टमेंट. ती ‘महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७०’खाली येते. इथे बिल्डर किंवा जमीनमालक घोषणापत्र, म्हणजे ‘डीड ऑफ डिक्लरेशन’, नोंदवतो आणि प्रत्येक मालकाच्या नावे ‘अपार्टमेंट डीड’ होतं. त्या डीडमध्ये जमीन आणि सामाईक जागेतला मालकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. नागपूर आणि एकूण विदर्भात ही पद्धत बरीच रुळलेली आहे. लोक सवयीने सगळ्यालाच ‘सोसायटी’ म्हणतात, पण कपाटातला कागद ‘अपार्टमेंट डीड’ असेल तर सोसायटीचे अनेक नियम तिथे जसेच्या तसे चालत नाहीत.

तिसरी अवस्था म्हणजे यापैकी काहीच झालेलं नाही. फ्लॅट विकले गेले, लोक राहायला आले, पण संस्था नोंदवलेली नाही आणि कारभार बिल्डर किंवा त्याने नेमलेल्या माणसाकडेच आहे. लहान फ्लॅट स्कीममध्ये ही अवस्था वर्षानुवर्षं टिकू शकते. मनमानी शुल्काला सर्वांत जास्त वाव इथेच असतो, कारण हिशोब मागायला सभाच नसते.

तेव्हा खरेदीखत किंवा डीड काढून वाचणं हे पहिलं काम. त्यात उत्तर सापडलं नाही, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदणीकृत घोषणापत्राची प्रत काढता येते. सोसायटी नोंदवली आहे का, हे सहकार खात्याच्या तालुका किंवा जिल्हा कार्यालयात कळतं.

सोसायटी असेल तर प्रशासकीय खर्च कुठे धरलेला असतो?

सहकार खात्याच्या आदर्श उपविधींमध्ये मासिक आकारणीचे घटक दिलेले आहेत : मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुरुस्ती व देखभाल निधी, लिफ्टचा खर्च, निक्षेप निधी, म्हणजे सिंकिंग फंड, सेवाशुल्क, पार्किंग, विमा, थकबाकीवरचं व्याज, बिनभोगवटा शुल्क इत्यादी.

यातलं ‘सेवाशुल्क’ म्हणजे काय, हेही उपविधी सांगतात. कार्यालयीन कर्मचारी, वॉचमन, लिफ्टमन आणि माळी यांचे पगार, छपाई, स्टेशनरी व टपाल, कर्मचारी आणि समिती सदस्यांचा प्रवासभत्ता, समितीचा बैठक भत्ता, लेखापरीक्षणाची फी, सभांचा खर्च, वकिलाची फी, सामाईक वीज हे सगळं सेवाशुल्कात येतं.

म्हणजे इमारत चालवण्याचा प्रशासकीय खर्च सेवाशुल्कात आधीच धरलेला आहे. सेवाशुल्क पूर्ण घेऊन त्यावर वेगळं ‘प्रशासकीय शुल्क’ लावलं, तर एकाच खर्चाचे पैसे दोनदा घेतले जात आहेत का, हे तपासावं लागतं. मॅनेजरचा पगार सेवाशुल्कात आहे आणि ‘मॅनेजमेंट चार्ज’ही वेगळा आहे, असं वार्षिक हिशोबात दिसलं तर सभेत त्यावरच बोट ठेवावं.

उपविधी वाटणीचे नियमही देतात. सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च सर्व फ्लॅटवर समान वाटला जातो, फ्लॅट वन बीएचके असो की थ्री बीएचके. पाणीपट्टी नळजोडांची संख्या आणि आकारानुसार वाटतात. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के असतो. समजा एका फ्लॅटचा बांधकाम खर्च १२ लाख रुपये आहे. मग दुरुस्ती निधी वर्षाला ९ हजार, म्हणजे महिना ७५० रुपये, आणि सिंकिंग फंड वर्षाला ३ हजार, म्हणजे महिना २५० रुपये. हे किमान आकडे आहेत, त्यामुळे बिलात ते दिसले म्हणून लूट झाली असं होत नाही. सिंकिंग फंडच घेतला जात नसेल, तर पंधरा वर्षांनी छत गळू लागल्यावर इमारतीकडे पैसा नसतो.

उपविधींमध्ये ‘इतर आकार’ असाही घटक आहे आणि अनेक समित्या त्याचा आधार घेतात. पण तिथेही सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज किंवा सूचना फलकावरची चिठ्ठी म्हणजे ठराव नव्हे.

फ्लॅट विकताना किती पैसे मागता येतात?

सर्वांत मोठ्या रकमा इथे मागितल्या जातात आणि नेमकी इथेच शासनाने मर्यादा घातलेली आहे.

सोसायटीतला फ्लॅट हस्तांतरित करताना हस्तांतरण शुल्क ५०० रुपये आणि नव्या सदस्याचं प्रवेश शुल्क १०० रुपये असतं. याशिवाय संस्था हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे ट्रान्स्फर प्रीमियम, घेऊ शकते. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाने त्याची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे : महापालिका क्षेत्रात २५ हजार, ‘अ’ वर्ग नगर परिषदेत २० हजार, ‘ब’ वर्गात १५ हजार, ‘क’ वर्गात १० हजार आणि ग्रामपंचायत हद्दीत ५ हजार रुपये.

भंडारा जिल्ह्यासाठी हा तक्ता महत्त्वाचा आहे, कारण सगळीकडे बोलताना ‘२५ हजार’ हाच आकडा घेतला जातो. तो महापालिका क्षेत्राचा आहे. शहराला लागून असलेल्या पण ग्रामपंचायत हद्दीत येणाऱ्या इमारतीत ५ हजारांवर एक रुपयाही अधिमूल्य घेता येत नाही. नगर परिषद हद्दीत असाल, तर आपली परिषद कोणत्या वर्गात आहे हे तिच्या कार्यालयात विचारावं. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. सर्वसाधारण सभेने त्याहून कमी दर ठरवला असेल, तर तोच लागू होतो.

मर्यादा चुकवण्यासाठी ‘देणगी’, ‘विकास निधी’, ‘इमारत निधी’ अशी नावं वापरली जातात. हस्तांतरण करताना विकणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून देणगी किंवा अन्य कोणत्याही नावाखाली जादा रक्कम घेता येणार नाही, असं उपविधी स्पष्ट सांगतात. कुटुंबातल्या सदस्याच्या किंवा वारसाच्या नावे फ्लॅट होत असेल, तर अधिमूल्य लागत नाही. वडिलांच्या निधनानंतर मुलाचं नाव लावताना २५ हजार मागणं त्यामुळे नियमात बसत नाही.

ना हरकत प्रमाणपत्राचं काय? आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र बंधनकारक नाही. कर्ज देणारी बँक ते मागू शकते, तो वेगळा भाग. पण प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय व्यवहारच होणार नाही, असं सांगून त्याची किंमत लावणं चुकीचं आहे.

भाडेकरू ठेवला म्हणून दुप्पट मेंटेनन्स?

नोकरीनिमित्त मालक नागपूर, पुणे किंवा आणखी लांब आणि भंडाऱ्यातला फ्लॅट भाड्याने, असं चित्र नवं नाही. अशा वेळी संस्था बिनभोगवटा शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, घेऊ शकते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही.

हे १० टक्के एकूण बिलावर किंवा भाड्याच्या रकमेवर नव्हे, तर केवळ सेवाशुल्कावर मोजायचे असतात. एकूण बिल २,००० रुपयांचं आणि त्यातलं सेवाशुल्क ८०० रुपये असेल, तर बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त ८० रुपये होतं. मुंबईतल्या माँ ब्लाँ सोसायटीने या मर्यादेला आव्हान दिलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये शासनाची मर्यादा कायम ठेवली.

आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, सून, जावई किंवा नातवंडं राहत असतील, तर हे शुल्क लागत नाही. भाडेकरू ठेवण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगीही लागत नाही. भाडेकराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत आठ दिवस आधी संस्थेला द्यावी लागते.

अपार्टमेंट असेल तर नियम का बदलतात?

पुण्यातल्या ‘ट्रेझर पार्क’चा निकाल इथे उपयोगी पडतो. ११ इमारती आणि साडेतीनशेहून अधिक फ्लॅट असलेल्या या संकुलात मेंटेनन्स सर्वांना सारखा असावा की हिश्श्यानुसार, असा वाद होता. उपनिबंधकांनी हिश्श्यानुसार आकारणीचा आदेश दिला. काही मालकांनी त्याला आव्हान दिलं, पण सहकार न्यायालयात आणि नंतर उच्च न्यायालयातही तो आदेश टिकला. अपार्टमेंट कायद्यात सामाईक खर्च प्रत्येक मालकाच्या सामाईक जागेतल्या टक्केवारीनुसारच वाटायचा असतो, हा त्या निकालाचा गाभा आहे.

म्हणजे सोसायटीत सेवाशुल्क समान आणि अपार्टमेंटमध्ये हिश्श्यानुसार. अपार्टमेंटच्या इमारतीत सगळ्यांकडून सारखा ‘ॲडमिन चार्ज’ घेतला जात असेल, तर लहान फ्लॅटवाला आपल्या वाट्यापेक्षा जास्त देतो. उलट थ्री बीएचकेवाल्याला जास्त बिल आलं, तर तो अन्याय असेलच असं नाही. आपल्या डीडमधली टक्केवारी बघून गणित मांडावं.

या कायद्यात ‘मॅनेजर’ हा शब्दच आहे आणि त्याची जबाबदारीही लिहिलेली आहे. मॅनेजर किंवा व्यवस्थापक मंडळाने जमा-खर्चाची तारीखवार, तपशीलवार नोंद ठेवायची, ती वही आणि पावत्या मालकांना कामाच्या दिवशी सोयीच्या वेळेत बघू द्यायच्या आणि वर्षातून किमान एकदा बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून हिशोब तपासून घ्यायचे. ‘वही दाखवणार नाही’ असं उत्तर या कायद्यात बसत नाही.

विक्रीच्या वेळीही एक वेगळी तरतूद आहे. आधीच्या मालकाची सामाईक खर्चाची थकबाकी नव्या मालकावर येऊ शकते, म्हणून खरेदीदाराला थकबाकीचं विवरण मागण्याचा हक्क आहे. विवरणात दाखवलेल्या रकमेहून जास्त जुन्या थकबाकीला तो जबाबदार राहत नाही. खरेदीदाराने हे विवरण लेखी मागून घ्यावं, तेच पुढे त्याचं संरक्षण करतं.

कारभार अजून बिल्डरच्याच हाती असेल तर?

रेरा कायद्याने यावर दोन बंधनं घातली आहेत. मालकांची संस्था ताबा घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा पुरवणं आणि त्या ‘वाजवी’ शुल्कात पुरवणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. निम्म्याहून अधिक फ्लॅटची नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत मालकांची संस्था स्थापन होण्यासाठी पावलं उचलणं, हे दुसरं बंधन. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल, तर बिल्डरविरुद्ध तिथे तक्रार करता येते. तक्रारीची फी ५ हजार रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो.

अडचण अशी की, भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर रेरा नोंदणी लागत नाही. लहान शहरांतल्या अनेक स्कीम या मापात बसतात. अशा आणि जुन्या इमारतींसाठी १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, म्हणजे ‘मोफा’, आहे. ठेव किंवा आगाऊ म्हणून घेतलेल्या रकमेचा वेगळा हिशोब ठेवणं आणि ती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी खर्च करणं या कायद्याने बिल्डरवर बंधनकारक आहे. ताबा देताना ‘दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स’ घेतला असेल, तर त्याचा हिशोब आधी मागावा. ती रक्कम शिल्लक असताना दरमहा नवं शुल्क कशासाठी, याचं उत्तर बिल्डरने द्यायला हवं.

या अवस्थेतून बाहेर पडायचा पक्का मार्ग म्हणजे स्वतःची संस्था नोंदवणं. पाच सदस्य असले तरी सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवता येते. बिल्डर सही करत नसेल, तर फ्लॅटधारक त्याच्याशिवायही निबंधकाकडे नोंदणीचा प्रस्ताव देऊ शकतात.

‘पैसे दिले नाहीत तर पाणी बंद’ असं म्हटलं तर?

मोफाच्या कलम १२-अ मध्ये याच प्रसंगाची तरतूद आहे. योग्य आणि पुरेसं कारण नसताना मॅनेजरने फ्लॅटधारकाचा अत्यावश्यक पुरवठा किंवा सेवा तोडायची नाही, कमीही करायची नाही. तसं केल्यास फ्लॅटधारक न्यायालयात जाऊन सेवा पूर्ववत करण्याचा आदेश मागू शकतो. पाणी, जिन्यातली वीज, लिफ्ट ही वसुलीची हत्यारं नाहीत. खरी थकबाकी असेल, तर ती वसूल करायला कायद्यात वेगळा मार्ग दिलेला आहे.

वाद मिटेपर्यंत मेंटेनन्स थांबवावा का?

बहुतेक लोकांचं नुकसान इथे होतं. एका शुल्कावर राग येतो आणि सगळाच मेंटेनन्स बंद केला जातो. मग थकबाकीदार तोच ठरतो.

सोसायटीला थकबाकी वसुलीचा दाखला निबंधकाकडून मिळू शकतो आणि त्यानंतर जप्तीपर्यंत गोष्टी जाऊ शकतात. थकबाकीवर संस्था वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावू शकते, असं उपविधी सांगतात. एप्रिल २०२५ मध्ये शासनाने प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात हा दर १२ टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव होता. दर कोणताही असला, तरी व्याजाचा भार सदस्यावरच पडतो.

म्हणून वाद नसलेली रक्कम वेळेवर भरावी. वादग्रस्त रकमेबाबत लेखी हरकत द्यावी. नाइलाजाने भरावी लागलीच, तर सोबतच्या पत्रात ‘हरकत राखून भरणा’ असं लिहावं आणि बँकेमार्फत भरावी. रोख दिली तर पावती घेतल्याशिवाय उठू नये.

बिलावर जीएसटी दिसला तर?

सोसायटी किंवा संघाने सदस्याच्या मेंटेनन्सवर १८ टक्के जीएसटी लावण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात : सदस्याची मासिक वर्गणी ७,५०० रुपयांहून अधिक आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक. १२ फ्लॅटच्या इमारतीत प्रत्येकाने महिना ७,५०० रुपये दिले, तरी वर्षाचे १० लाख ८० हजारच होतात. व्यवस्थापन एजन्सी स्वतः जीएसटी नोंदणीकृत असेल, तर ती आपल्या बिलावर कर लावू शकते. पण ते बिल संस्थेच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह असायला हवं.

तक्रार नेमकी कुठे करायची?

आधी समितीकडे, लेखी आणि पोचसहित. पत्रात तीनच गोष्टी मागाव्यात : शुल्क लावणाऱ्या ठरावाची प्रत, त्यातून झालेल्या खर्चाचा तपशील आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल. सोसायटीच्या उपविधींनुसार समितीने अशा तक्रारीवर पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन तो १५ दिवसांत कळवायचा असतो.

त्यानंतरचे मार्ग वेगवेगळे आहेत आणि ते उपविधींमध्येच सांगितलेले आहेत. हस्तांतरणाचं जादा अधिमूल्य, बिनभोगवटा शुल्क, सदस्यत्व नाकारणं, कागदपत्रांच्या प्रती न देणं या तक्रारी निबंधकाकडे जातात, म्हणजे सहायक निबंधक किंवा भंडाऱ्यातलं जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांचं कार्यालय. सभेच्या ठरावाला आव्हान, सदस्यांकडून जादा वसुली, पार्किंग, दुरुस्ती हे वाद सहकार न्यायालयाचे असतात. अनेक जण सगळे अर्ज उपनिबंधकांकडेच देतात आणि काही महिन्यांनी ‘हा विषय आमच्या कक्षेत नाही’ असं उत्तर घेऊन परततात. जायचं कुठे, हे अर्ज लिहिण्याआधीच ठरवावं.

बिल्डरने पैसे घेऊन सेवा दिली नसेल, तर महारेरासोबत जिल्हा ग्राहक आयोगाचा पर्याय आहे. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर तिथे फी लागत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज थेट सोसायटीला करता येत नाही. सहकारी संस्था या कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं. पण उपनिबंधक कार्यालय सरकारी आहे. त्यांच्याकडे असलेले सोसायटीचे मंजूर उपविधी आणि लेखापरीक्षण अहवाल तिथून मागता येतात.

इतर देशांत असं शुल्क कसं हाताळलं जातं?

इंग्लंडमध्ये बहुतांश फ्लॅट दीर्घ भाडेपट्ट्यावर असतात आणि ‘प्रशासकीय शुल्क’ ही तिथे कायद्याने व्याख्या केलेली गोष्ट आहे. २००२ च्या एका कायद्यानुसार करारात रक्कम ठरलेली नसेल, तर असं शुल्क वाजवी असेल तितकंच द्यावं लागतं. मागणीपत्रासोबत रहिवाशाच्या हक्कांचा गोषवारा जोडावा लागतो आणि वाद न्यायाधिकरणात नेता येतो. महाराष्ट्रात हस्तांतरण आणि बिनभोगवटा शुल्काला आकड्यांची मर्यादा आहे, पण बाकी बहुतेक आकार सभेवर सोडलेले आहेत. त्यामुळे इथे रहिवाशाचं संरक्षण बरंचसं सभेतल्या हजेरीवर अवलंबून राहतं.

दुसरी बाजू काय आहे?

लहान इमारत चालवणं स्वस्त नसतं. पन्नास फ्लॅटमध्ये वाटला जाणारा वॉचमनचा पगार दहा फ्लॅटमध्ये वाटला, तर प्रत्येकाचा वाटा पाचपट होतो. लेखापरीक्षण आणि लिफ्टचा देखभाल करार लहान इमारतीलाही चुकत नाही. सचिव होऊन फुकट राबायला कोणी तयार नसतं, तेव्हा पगारी मॅनेजर लागतोच आणि त्याचा पगार कुठून तरी द्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येक वाढ ही लूट नसते. खर्च खरा असेल, तर तो सेवाशुल्कात उघडपणे धरून सभेची मंजुरी घेता येते. मग वेगळ्या नावाची गरज उरत नाही.

सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक तिथेच मंजूर होतं. महिनाभर व्हॉट्सॲपवर वाद घालणारे बरेच जण नेमके त्या दिवशी गैरहजर असतात, आणि न वाचलेल्या अंदाजपत्रकातली एक ओळ पुढचे बारा महिने सगळ्यांच्या पावतीवर उमटत राहते.